न चावणारी कोल्हापुरी

गेल्या एप्रिलमध्ये पुण्यातील एका मंगल कार्यालयात भरलेल्या हस्तकला प्रदर्शनातून मी कोल्हापुरी चपलांचे दोन जोड आणि कमरेचा एक पट्टा असा ३,५०० रुपयांचा माल घेतला. एक जोड माझ्यासाठी होता आणि दुसरा नागपूरच्या मेहुण्यांना भेट म्हणून, "हे अस्सल आहे, तुमच्याकडे मिळायचे नाही" अशी बढाई मारून दिला होता. त्यात माझी जी फसवणूक झाली ती येथे सविस्तर लिहीत आहे, कारण अशी प्रदर्शने ठिकठिकाणी भरतात आणि माल उकलेपर्यंत विक्रेता पुढच्या गावी गेलेला असतो.

विक्रेत्याने गाळ्यात दोन कागद लॅमिनेट करून टांगले होते. एक, २०१९ साली कोल्हापुरी चपलेला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाची झेरॉक्स, आणि दुसरे, २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्रादा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्यावर जो गदारोळ झाला, त्याच्या बातमीचे कात्रण. हे मानांकन कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांतील कारागिरीला आहे. त्याची झेरॉक्स कोणीही काढू शकतो, एवढे साधे माझ्या तेव्हा लक्षात आले नाही. सोबतच्या पट्ट्यावर सोनेरी अक्षरांत 'जेन्युइन लेदर' छापलेले होते, त्याचाही मी पुरावा म्हणूनच स्वीकार केला.

खरे तर चपलांनी स्वतःच सगळे सांगितले होते, आणि मी प्रत्येक खूण गुण समजून घेतली. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेल्या कातड्याला एक उग्र वास असतो. या चपलांना तो नव्हता, आणि घरात वास सुटणार नाही म्हणून पत्नीला बरे वाटले. हाताने कापलेल्या जोडात डाव्या-उजव्याचा किंचित फरक राहतो. यांचे बाजूचे कान आणि पट्ट्यावरची वेणी साच्यातून काढल्यासारखी सारखी होती. नवी कोल्हापुरी तेल पाजूनही पहिला आठवडाभर अंगठ्याशी चावते, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. ही पहिल्या दिवसापासून पायात मऊ बसली आणि मी ते कारागिराचे कसब मानले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बसथांब्यापासून घरापर्यंत दहा मिनिटे पावसात चाललो, तेवढ्यात उजव्या चपलेची टाच फुगली. कोल्हापुरी पावसात घालू नये हे मान्यच आहे, पण भिजलेले कातडे जड होते, काळवंडते, वाळल्यावर कडक होते; त्याचे पापुद्रे निघत नाहीत. आमच्या कोपऱ्यावरच्या चर्मकार काकांनी रापी घालून तळ उकलला. वर पातळ रेक्झिन, खाली तसलाच एक थर, आणि मधोमध खोक्याचा करडा पुठ्ठा, ज्यावर उलट्या छापलेल्या अक्षरांची एक ओळ अजून वाचता येत होती. कडेचा टाका नुसता शोभेचा होता. सगळा भार चिकटवायच्या सोल्यूशनवर होता. "साहेब, ह्याला आरी लावून उपयोग नाही, टाका धरायला कातडंच नाही," असे म्हणून त्यांनी माझा पट्टाही मागून घेतला, भोकाशी वाकवला आणि वरचा रंगीत पापुद्रा नखाने उचलून दाखवला. आत कातड्याचा भुगा चिकटवून केलेला थर होता, म्हणजे 'लेदर' हा शब्द अगदीच खोटा नव्हता. त्या पापुद्र्याचा एक तुकडा त्यांनी काडीने पेटवला. कातडे जळताना केस जळल्याचा वास येतो, येथे वरचा थर वितळून काळा मणी झाला.

पावतीवरच्या क्रमांकावर फोन लागला नाही. ती पावतीही कच्ची निघाली: जीएसटी क्रमांक नाही, पत्ता नाही, वर्णनाच्या जागी 'फूटवेअर २, बेल्ट १' एवढेच. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवताना पहिलाच प्रश्न विक्रेत्याच्या नावाचा आणि पत्त्याचा आला, आणि तिथेच माझे म्हणणे लंगडे पडले. आयोजकांनी गाळेधारकांची यादी देण्यास नकार दिला. खरेदीच्या वेळी मी 'अस्सल चामडे' एवढे दोन शब्द पक्क्या बिलावर लिहून मागितले असते, तर विक्रेत्याने एक तर ते लिहिले असते किंवा टाळाटाळ केली असती. दोन्ही प्रकारांत मला उत्तर मिळाले असते.

मेहुण्यांना मी अजून विचारलेले नाही. नागपुरात पाऊस सुरू झाला आहे आणि परवा त्यांनी फोनवर चपलांचा विषय काढला नाही, यावरून मला जे समजायचे ते समजले आहे.