जुन्या गिटारचा ब्रिज डुलतोय: पत्र्याची पट्टी, नवा ब्रिज, की लाकडात खुंटी?

आधी ढिलं काय आहे ते बघा. तारा सैल करा, ब्रिज (तारा जिच्यावर टेकतात ती धातूची पट्टी) उचलून बाजूला ठेवा आणि तो ज्यांवर बसतो ते दोन्ही पोस्ट, म्हणजे खांब, बोटांनी हलवा. पोस्ट पक्के आणि वर फक्त ब्रिज डुलतोय, तर दोष धातूच्या मापात. पोस्टच हलतोय, तर लाकडात. ही तपासणी न करता थेट नवा ब्रिज मागवणारे बरेच भेटतात, आणि नवा ब्रिजही तसाच डुलतो.

गिब्सन कंपनीच्या लेस पॉल या इलेक्ट्रिक गिटारीच्या घाटाच्या गिटारींत ही भानगड मापांमुळे होते. गिब्सनच्या 1954 च्या एबीआर-1 ब्रिजचे पोस्ट थेट लाकडात आटे धरतात. त्यांचे आटे इंची, 6-32, म्हणजे जाडी साधारण 3.5 मिमी आणि इंचाला 32 आटे. सत्तरच्या दशकात आलेला नॅशव्हिल ब्रिज अंगाने रुंद, आणि त्याच्या पोस्टसाठी लाकडात धातूच्या बुश (पोकळ नळ्या) बसवतात. जपानी-कोरियन नकला बहुतेक मेट्रिक. मधल्या काळात कोणी 4 मिमी पोस्टसाठीचा ब्रिज 3.5 मिमीच्या पोस्टवर ठेवून दिला असेल, तर तारांच्या ओढीने तो नेककडे कलतो. मग इंटोनेशन (गळ्यावर सगळीकडे सूर बरोबर लागणं) कितीही जुळवा, टिकत नाही.

अशा वेळी पहिला उपाय जवळजवळ फुकट: कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा. जाडी सुमारे 0.1 मिमी. त्याची बारीक पट्टी पोस्टभोवती एक-दोन वेढे गुंडाळून ब्रिज वरून दाबत बसवायचा. दिसत नाही, आणि मन बदललं तर काढून टाकता येते. नळाची टेफ्लॉन टेपही लोक लावतात, पण ती मऊ पडते. शिवाय काही जुन्या गिटारींत अर्थिंगची तार ब्रिजच्या पोस्टला जोडलेली असते. तिथे टेपने संपर्क तुटला तर तारांना हात लावूनही अँपची घरघर थांबत नाही.

यापेक्षा पक्कं काम हवं असेल तर नागपुरात हिंगणा एमआयडीसीच्या बाजूला एखादा लेथवाला गाठा. खाली 6-32 आटे आणि वर ब्रिजच्या भोकाइतकी जाडी, असे पितळेचे दोन पोस्ट करून घ्या. लेथवर 32 आट्यांचं गिअर लावता येतं, फक्त नमुन्याला जुना पोस्ट न्या. तोंडी माप सांगितलंत तर ‘भाऊ, एम4 (4 मिमीचे मेट्रिक आटे) करून देतो ना’ हेच ऐकू येईल. तो एम4 बोल्ट जुन्या भोकात दामटला की मूळचे आटे गेलेच म्हणून समजा.

नवा ब्रिज मी एकाच अवस्थेत सुचवीन: जुना मधून खचलेला असताना. तारांचा एकूण ताण 45 किलोच्या घरात असतो, आणि जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव काम वर्षानुवर्षांत मधोमध बसतं. सॅडल (एकेक तार टेकते ते छोटे तुकडे) काढा आणि ब्रिजच्या तळाला स्टीलची पट्टी लावा, मध्ये पोट आलेलं लगेच कळतं. शिकंजात दाबून सरळ करतात, पण तडकायची भीती मोठी. गोटो कंपनीचा ब्रिज चांगला असतो, टोनप्रोज कंपनीच्या ब्रिजमध्ये पोस्टला आवळणारे छोटे स्क्रूही मिळतात. मागवण्याआधी पोस्टचं मध्य-ते-मध्य अंतर (बहुतेक ठिकाणी 74 मिमीच्या आसपास, जुन्या जपानी गिटारींत भरवसा नाही) आणि पोस्टची जाडी व्हर्निअरने मोजा. काढलेला ब्रिज डबीत घालून गिटारच्या केसमध्येच ठेवा. विकताना गिऱ्हाईक तोच आधी विचारतं.

आता लाकूड. पोस्ट हलत असेल तर जुन्या भोकात लाकडी खुंटी भरून नवं भोक पाडण्याला पर्याय नाही, आणि हे काम परत फिरवता येत नाही. नागपूरच्या लकडगंजात सागवान हवं तेवढं मिळेल, पण साग तेलकट. चिकटवण्याआधी थिनरने पुसला नाही तर एपॉक्सीही धरत नाही. महॉगनी किंवा मेपलचा तुकडा मिळाला तर तोच घ्या. खरी मेख लाकडाच्या रेषांची (तंतूंच्या दिशेची) आहे. बाजारच्या गोल काठीत रेषा उभ्या धावतात, तिच्यात वरून पोस्ट पिळला की आटे रेषांच्या टोकांत पडतात आणि लवकर भुगा होतो. म्हणून खुंटी फळीतून आडवी कापून घ्यायची, म्हणजे तिच्या रेषा बॉडीच्या रेषांना समांतर बसतात. भोक हातातल्या ड्रिलने नकोच. स्टँडवरच्या ड्रिलने, नव्वद अंशांत. भोकाच्या कडेचं जुनं लॅकर टवके उडवतं, तेव्हा आधी ड्रिल उलटं फिरवून कडा कापून घ्या.

हे काम मे महिन्यात काढू नका. दिवसभर कूलरची ओल, रात्री कोरडी झळ, अशा खोलीत लाकूड फुगून धातूवर दाबलं जातं आणि सुकलं की तिथे जागा सोडतं. मेमध्ये जरा हलणारा पोस्ट जुलैत घट्ट झालेला दिसू शकतो, त्यामुळे ड्रिलचा निर्णय दिवाळीनंतर घ्या. तोवर गिटार कूलरच्या झोतापासून दूर, केसमध्ये, आणि पोस्टभोवती पत्र्याचा वेढा.