टोयोपेट क्राऊन १९५५, १:४३ चं मॉडेल : पैसे वसूल

खडेबाजारातल्या एका छोट्या दुकानातून मागच्या महिन्यात टोयोपेट क्राऊनचं, म्हणजे टोयोटाच्या जुन्या गाडीचं, मेटलचं मॉडेल घेतलं, २६०० रुपये, देताना जरा जड गेलं पण घरी आणून टेबलावर ठेवल्यावर वाटलं बरं केलं. खरी गाडी ४२८५ मिलिमीटर लांब, मॉडेल १:४३ म्हणजे ४३ पट लहान, तेव्हा साधारण १० सेंटीमीटर भरायला पाहिजे, मी उद्यमबागेत लेथवर असतो त्यामुळे व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावल्याशिवाय राहवत नाही, ९९.६ मिलिमीटर भरलं. एकदम करेक्ट.

सगळ्यात भारी काम दारांचं. ह्या गाडीची मागची दारं उलटी, बिजागरी मागच्या बाजूला, आणि मॉडेलमध्ये ती खरोखर उघडतात. आमच्या बाबांनी २२ वर्षं बेळगाव-सावंतवाडी टॅक्सी चालवली, ॲम्बेसेडर. त्यांनी चष्मा लावून पुढचं-मागचं दोन्ही दारं उघडली, समोरासमोर कपाटासारखी, आणि म्हणाले, "आमच्या गाडीला अशी दारं असती तर तुझ्या आजीला नऊवारीत चढता-उतरताना एवढा त्रास झाला नसता बघ."

मग बाबांना सगळी हिस्टरी सांगत बसलो. गाडी आली जानेवारी १९५५ ला. त्या टायमाला जपानात निसान ऑस्टिन जोडत होती, इसुझू हिलमन, हिनो रेनॉ, सगळं बाहेरच्या लायसन्सवर. टोयोटाने मात्र कुणाशी करार न करता केन्या नाकामुरा ह्या इंजिनिअरच्या हाताखाली गाडी स्वतः उभी केली. १४५३ सीसी, ४८ हॉर्सपॉवर, तीन गिअर, लिव्हर स्टिअरिंगजवळ. पुढे कॉइल स्प्रिंग होते आणि तेव्हाच्या खराब रस्त्यांवर टॅक्सीला ते टिकतील का ह्याची कंपनीलाच धाकधूक, म्हणून सोबत मास्टर नावाची दुसरी गाडी काढली, तिला पुढेसुद्धा पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांचे स्प्रिंग. पण टॅक्सीवाल्यांनी क्राऊनच उचलली, मास्टर १९५६ मध्ये बंद पडली! बाबा लगेच, "दिवसभर पाट्यावर बसून कंबर कुणाची जाते रे, ड्रायव्हरचीच ना." पुढे अमेरिकेत पाठवली तर तिथल्या हायवेच्या स्पीडला दम लागला आणि १९६० ला परत घेतली, हे मात्र बाबांना पटलं नाही.

मॉडेल उलटं करून बघा, मागचे तीन पाटे वेगवेगळे दिसतात, एवढ्याशा जागेत कसे बसवले देव जाणे.

खटकलं ते पण सांगतो. पुढच्या काचेची मधली पट्टी नुसती रंगवलेली आहे, मागच्या बंपरचा क्रोम एका कोपऱ्यात उडालाय आणि डाव्या दाराची बिजागरी घट्ट होती, शिलाई मशीनचं तेल सुईच्या टोकाने सोडल्यावर सुटली. बॉक्सचं सील पण आधीच फोडलेलं, दुकानात विचारलं तर नीट उत्तर नाही, तेव्हा घेताना समोर उघडून दारं चालवून बघा.

१९४७ च्या टोयोपेट एसए गाडीचं मॉडेल आलं तर पहिला फोन मलाच करा म्हणून दुकानात नंबर देऊन आलोय.