समुद्रतळाचं तिकीट, अंतराळाचं तिकीट: बॉयलरवाल्यांच्या मापाने

रेठऱ्याचा कृष्णा असो, साखराळ्याचा राजारामबापू असो की शेंद्र्याचा अजिंक्यतारा साखर कारखाना, गळीत हंगामाआधी बॉयलर अग्निप्रदीपनाच्या पत्रिका निघतात. मोळी टाकायला कोणाला बोलवायचं यावर चर्चा होते, पण बॉयलर खरा चालतो तो तपासनिसाच्या सहीवर. १९२३ च्या बॉयलर कायद्यापासून आणि आता २०२५ च्या नव्या कायद्याखालीही रीत तीच आहे: प्रमाणपत्र नाही तर वाफ नाही. खोल समुद्राच्या आणि अंतराळाच्या सफरी विकणाऱ्यांची सेवा इथे याच मापाने तपासली आहे. दोन्हीकडे ग्राहक विकत घेतो ते दाब सांभाळणारं एक भांडं. खिडकीतलं दृश्य त्यानंतर येतं.

सुरुवात ओशनगेटपासून. स्टॉकटन रश आणि गिलेर्मो सोनलाइन यांनी २००९ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात ही कंपनी काढली. सोनलाइन २०१३ मध्ये कामकाजातून बाहेर पडले. कंपनीची ‘टायटन’ पाणबुडी त्यानंतरची, त्यामुळे तिच्या रचनेचं खापर त्यांच्यावर फोडता येत नाही. १८ जून २०२३ ला टायटॅनिकच्या अवशेषांकडे जाताना टायटन चिरडली गेली आणि रश यांच्यासह आतले पाचही जण गेले. सेवा बंद झाली. तरी तिचं परीक्षण करायचं कारण म्हणजे तिच्या चौकशीतून या धंद्याचे जेवढे कागद बाहेर आले, तेवढे इतर कुठूनच आलेले नाहीत.

तिकीट होतं अडीच लाख डॉलर, त्या वेळच्या दराने दोन कोटी रुपयांच्या आसपास. त्यात मिळायचं काय? कॅनडातल्या सेंट जॉन्स बंदरातून बोटीने प्रवास, हवामानाने साथ दिली तर एक बुडी, खाली उतरायला दोन-अडीच तास, आणि दीड मीटरहून कमी व्यासाच्या नळकांड्यात पाच जणांनी मांडी घालून बसणं. झाकण बाहेरून बोल्टने बंद व्हायचं, आतून उघडायची सोय नव्हती. ग्राहकाला प्रवासी म्हणायचे नाहीत, ‘मिशन स्पेशालिस्ट’ म्हणायचे. जबाबदारीमुक्तीच्या कागदावर मृत्यूचा उल्लेख पहिल्याच पानावर एकाहून अधिक वेळा होता. आजवर ९० हून कमी बुड्या झाल्यात आणि त्यातल्या १३ च टायटॅनिकच्या खोलीपर्यंत पोचल्यात, हेही तिथेच छापलेलं होतं. म्हणजे लपवलेलं फारसं काही नव्हतं. वाचणाऱ्याला या आकड्यांचा अर्थ लागत नव्हता, अडचण तिथे होती.

आता शेल, म्हणजे दाब झेलणारं कवच. टायटॅनिक साधारण ३,८०० मीटरवर आहे. कोयना धरणाची उंची १०३ मीटर, म्हणजे काठोकाठ भरलेल्या धरणाच्या तळाशीही दाब १० किलोच्या घरात. टायटॅनिकपाशी तो प्रति चौरस सेंटिमीटर ३९० किलो होतो. आपल्याकडच्या कारखान्यांतले को-जनरेशनचे (सहवीजनिर्मितीचे) बॉयलर ६७, ८७, फार तर ११० किलोचे असतात. शिवाय बॉयलरचा दाब आतून असतो. आतून दाब आला की शेल ताणलं जातं आणि थोडीफार लंबगोलाई असली तरी ते गोल व्हायला बघतं. बाहेरून दाब आला की उलटं घडतं: जिथे गोलाई किंचित चुकली आहे तिथेच पत्रा आत बसतो. हवेचं तोंड (व्हेंट) बंद ठेवून मळीची टाकी उपसली की ती आत चेपते हे कारखान्यात सगळ्यांना माहीत असतं, आणि तिथे बाहेरचा दाब जास्तीत जास्त १ किलो.

टायटनचं नळकांडं कार्बन फायबरचं होतं. आतला व्यास सुमारे १.४२ मीटर, जाडी १२७ मिलिमीटर. दोन्ही टोकांना टायटॅनियमच्या रिंगा इपॉक्सीच्या डिंकाने चिकटवलेल्या आणि त्यांवर टायटॅनियमचे अर्धगोल डिश एंड, म्हणजे झाकणं. गणित कागद-पेन्सिलीने होतं: बाहेरचा व्यास १.६७ मीटर, दाब ३९० किलो, म्हणजे शेलमध्ये परिघाच्या दिशेने सरासरी २५० मेगापास्कलचा दाबताण (१ मेगापास्कल म्हणजे साधारण १० किलो). प्रत्येक डिश एंडवरचा भार साडेआठ हजार टन, एका मोठ्या कारखान्याचं दिवसभराचं गाळप एका झाकणावर रचल्यासारखं.

२५० मेगापास्कल हा आकडा ऐकून घाबरण्यासारखा नाही, चांगलं पोलाद तो सहज पेलतं. प्रश्न मालाच्या स्वभावाचा आहे. कार्बनचा तंतू ओढीला जबरदस्त. त्याला लांबीच्या दिशेने दाबलं की तो वाकायला बघतो, आणि त्याला सरळ धरून ठेवण्याचं काम तंतूंना बांधणाऱ्या रेझिनवर येतं. रेझिनमध्ये पोकळी राहिली किंवा थराला सुरकुती पडली की त्या जागी तंतू आधाराविना उरतात आणि थर सुटायला लागतात. दुसऱ्या शेलमध्ये (पहिल्याला २०१९ मध्ये तडा गेल्याने ते बदललं होतं) साधारण एकेक इंचाचे पाच थर वेगवेगळे भाजून एकमेकांवर चढवले होते. थरावर आलेल्या लाटा घासून सपाट केल्या होत्या. घासणं म्हणजे तंतू कापणं. अपघातानंतर अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाला त्या मालात सुरकुत्या, छिद्रं आणि पोकळ्या सापडल्या.

डिंकाच्या सांध्याचं दुखणं निराळं. दाबाखाली कार्बनचं नळकांडं आणि टायटॅनियमची रिंग सारख्या प्रमाणात आवळत नाहीत, आणि हा फरक सगळा डिंकाच्या पातळ थरावर येतो. प्रत्येक बुडीला तो थर एकदा कातरला जातो आणि वर आल्यावर मोकळा होतो.

हायड्रॉलिक टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, झाली नव्हती का? दुसरं शेल मेरीलँडमधल्या दाबटाकीत घालून तपासलं होतं. पण पोलादाच्या शेलला नवीन असताना दीडपट दाब देऊन गळती आणि कायमचा फुगवटा बघितला की पुढची बरीच वर्षं त्या निकालावर विसंबता येतं. कार्बन फायबरसारख्या कॉम्पोझिटला प्रत्येक फेरीत बारीक इजा साचत जाते, म्हणून पहिल्या चाचणीचा निकाल त्या दिवसापुरताच. यावर कंपनीचा उपाय होता शेलला लावलेले मायक्रोफोन आणि शेल किती आवळतं ते मोजणारे स्ट्रेन गेज. तंतू तुटल्याचा आवाज आला की वर यायचं, अशी कल्पना. १५ जुलै २०२२ च्या ८० व्या बुडीत वर येताना मोठा आवाज झालाच. त्यानंतरच्या बुड्यांत स्ट्रेन गेजच्या रेघांनी आपला जुना मार्ग सोडला होता. यंत्रणेने आपलं काम केलं, कागद वाचून पाणबुडी उभी करणारं कोणी नव्हतं. त्यानंतरचा हिवाळा टायटनने सेंट जॉन्समध्ये उघड्यावर काढला. भेगांत शिरलेलं पाणी गोठलं की फुगतं, हे सांगायला साहित्यशास्त्र लागत नाही.

बातम्यांत सगळ्यात जास्त चेष्टा झाली ती टायटन चालवायला वापरलेल्या लॉजिटेकच्या गेमपॅडची. ती चेष्टा चुकीच्या जागी होती. अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांतही पेरिस्कोपच्या मास्टसाठी गेमपॅड वापरतात. झाकणाच्या १८ पैकी १७ च बोल्ट लावायचे यावरही बरंच हसू झालं, पण खोलवर डिश एंड घट्ट बसवून ठेवायला पाण्याचा दाबच पुरतो. बोल्ट महत्त्वाचे असतात ते पृष्ठभागावर.

खरी खोट कागदावर होती. डीएनव्ही किंवा अमेरिकन ब्यूरो ऑफ शिपिंगसारखी वर्गीकरण संस्था पाणबुडीचं आरेखन, माल, वेल्डिंग आणि चाचणी स्वतः तपासते, आपल्याकडे आयबीआरची (भारतीय बॉयलर नियमांची) माणसं तपासतात तशीच. टायटनला असा वर्ग, म्हणजे अशा संस्थेचं प्रमाणपत्र, नव्हता. २०१९ मध्ये कंपनीने जाहीरपणे लिहिलं होतं की नवं तंत्र या नियमांत बसत नाही. त्याआधी २०१८ मध्ये याच क्षेत्रातल्या जाणत्यांनी रश यांना काळजीचं पत्र पाठवलं होतं, आणि आक्षेप घेणारे कंपनीतले अधिकारी डेव्हिड लॉक्रिज यांना त्याच वर्षी काढलं गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकन तटरक्षक दलाच्या चौकशी मंडळाने अपघात टाळता येण्यासारखा होता असं नोंदवलं. नियम नव्याला अडवतात हे अर्धं खरं आहेच. वर्ग मिळवायला वेळ जातो, पैसा जातो. पण नवीन माल असेल तर चाचण्या वाढतात, माफ होत नाहीत.

चांगली सेवा कशी असते तेही बघू. ट्रायटन कंपनीची ‘लिमिटिंग फॅक्टर’ पाणबुडी: टायटॅनियमचा गोल, भिंत ९० मिलिमीटर, माणसं दोनच, आणि डीएनव्हीचा वर्ग थेट समुद्राच्या सर्वाधिक खोलीपर्यंत. अमेरिकन साहसवीर व्हिक्टर वेस्कोव्हो तिच्यातून २०१९ मध्ये समुद्रातल्या सर्वांत खोल जागी, चॅलेंजर डीपला, १०,९०० मीटरच्या खाली उतरले, त्याच वर्षी टायटॅनिकलाही जाऊन आले. २०२० मध्ये माजी अंतराळवीर कॅथी सुलिव्हन त्यांच्यासोबत उतरल्या. या पाणबुडीतली जागा साडेसात लाख डॉलरला विकली जात होती, टायटनच्या तिप्पट. गोलाला भार सगळीकडे सारखा वाटला जातो. तोटा एवढाच की आत जागा कमी, म्हणून तिकिटं कमी. नळकांडं निवडलं की पाच जण बसतात. टायटनचा आकार धंद्याच्या गणिताने ठरला होता.

आपल्याकडची ‘मत्स्य ६०००’ विक्रीला नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेची ही पाणबुडी, २.१ मीटर व्यासाचा आणि ८० मिलिमीटर भिंतीचा टायटॅनियम गोल, तिघांसाठी, ६,००० मीटर खोलीसाठी. गोल जोडायला इस्रोचं इलेक्ट्रॉन बीम वेल्डिंग. खोल जाण्याआधी २०२५ च्या सुरुवातीला कट्टुपल्ली बंदरात पोलादी गोल लावून उथळ पाण्यात चाचण्या झाल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतीय पथकाने फ्रान्सच्या ‘नॉटिल’ पाणबुडीतून अटलांटिकमध्ये ५,००२ मीटरपर्यंत जाऊन अनुभव घेतला. पायऱ्या हळू चढतात, पण एकही गाळलेली दिसत नाही.

अंतराळाची बाजू दाबाच्या हिशेबाने सोपी आहे. आत १ किलो, बाहेर शून्य, आणि तोही आतून. अवघड असतं इंजिन आणि परतीचा प्रवास. ब्लू ओरिजिनच्या ‘न्यू शेपर्ड’ची उड्डाणं असायची सुमारे ११ मिनिटांची, १०० किलोमीटरच्या वर, त्यात तीन-चार मिनिटं वजनरहित. सप्टेंबर २०२२ च्या माणसांविना झालेल्या उड्डाणात इंजिनाचं नोझल निकामी झालं. सुटकेच्या मोटरने कॅप्सूल बाजूला काढलं आणि ते सुखरूप उतरलं. मे २०२४ मध्ये भारतीय वैमानिक गोपीचंद थोटाकुरा ज्या उड्डाणात होते, त्यात तीनपैकी एक पॅराशूट पुरतं उघडलं नाही, दोनवर काम भागलं. बिघाड झालाच तर काय, याचं उत्तर आधी तयार ठेवलेलं असणं हा या सेवेचा सगळ्यात मोठा गुण. व्हर्जिन गॅलेक्टिकच्या यानाचा २०१४ चा अपघात याउलट: सहवैमानिकाने शेपटीची कळ वेळेआधी सोडली आणि यान हवेत तुटलं. एका माणसाच्या एका चुकीला आरेखनात अडसर नव्हता.

कायद्याचं म्हणाल तर अमेरिकेत अंतराळ प्रवाशाच्या सुरक्षेवर नियम करायला १ जानेवारी २०२८ पर्यंत मनाई आहे. तोवर चालते ती ‘समजून दिलेली संमती’, म्हणजे पुन्हा सहीचा कागद.

सोनलाइन आता शुक्राबद्दल बोलतात. ‘ह्यूमन्स टू व्हीनस’ या उपक्रमातून २०५० पर्यंत हजार माणसं शुक्राच्या वातावरणात तरंगत्या वस्तीत राहावीत, ही त्यांची कल्पना. ती हसण्यावारी न्यायचं कारण नाही. शुक्राच्या जमिनीवर दाब पृथ्वीच्या ९० पटींहून जास्त आणि तापमान ४६० अंशांच्या वर, पण ५५ किलोमीटर उंचीवर दाब अर्धा वातावरण आणि तापमान सुमारे २७ अंश. १९८५ मध्ये सोव्हिएत ‘व्हेगा’ मोहिमेचे फुगे तिथे जवळजवळ दोन दिवस तरंगले होते. ढग सल्फ्युरिक आम्लाचे, परतायला रॉकेट तिथूनच सोडावं लागणार, ही खरी अडचण.

असे उद्योजक-वक्ते सांगली-साताऱ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत किंवा व्याख्यानमालांत ऑनलाइन आणता येतात. आणावेत, मुलांना अशी माणसं ऐकायला मिळायला हवीत. फक्त प्रश्नोत्तराला वीस मिनिटं राखावीत आणि प्रश्न ठरवून द्यावेत. प्रमाणपत्र कोणाचं? कोणता नमुना मोडेपर्यंत तपासला आणि तो किती दाबाला मोडला? किती फेऱ्यांनंतर शेल बाद करायचं हे आधी लिहिलंय का? काम थांबवायचा अधिकार कोणाच्या हातात? उत्तरात स्वप्नं आली तर प्रश्न पुन्हा विचारावा.

एवढे पैसे कोणाकडे, असं म्हणणाऱ्यांसाठी मालवण-तारकर्ली आहे. १० मीटरला समुद्राचा १ किलो दाब अंगावर घेता येतो. ऑक्टोबर ते मे हंगाम, पाणी स्वच्छ बघायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सिलिंडरच्या मानेजवळ हायड्रो टेस्टची तारीख ठोकलेली असते, ती वाचून घ्यावी. सर्दी असेल तर बुडी मारू नये, कान मोकळे होत नाहीत. परतीचं एक मात्र इकडच्या लोकांनी लक्षात ठेवायला हवं. बुडीनंतर ६०० मीटरपेक्षा उंच जायला डायव्हिंगच्या वैद्यकीय सल्ल्यानुसार किमान १२ तास, एकाहून जास्त बुड्या असतील तर १८ तास थांबावं लागतं. सांगली ५५० मीटरच्या आसपास, पण वाटेतली आंबोली ६९० मीटर आणि सातारा ७०० च्या वर. उथळ, वीस मिनिटांच्या बुडीत धोका थोडा असतो. तरीही दुपारच्या बुडीनंतर लगेच गाडी घाटाला लावू नये, मुक्काम मालवणात करावा आणि सकाळी निघावं.