तिबेटन मॅस्टिफ की कांगल?

राखणीसाठी महाकाय कुत्रा निवडताना तिबेटन मॅस्टिफ आणि तुर्कस्तानच्या सिवास प्रांतातील कांगल यांची तुलना होते. मात्र दोघांचा पिंड वेगळा आहे. मॅस्टिफ हा मठाच्या किंवा तंबूच्या दाराशी बसणारा राखणदार; तो दिवसा सुस्तावतो आणि रात्री घुमणाऱ्या आवाजात भुंकतो, त्यामुळे दाट वस्तीत शेजाऱ्यांची झोप उडते. कांगल मात्र मेंढ्यांच्या कळपासोबत दूरवर चालणारा. लांडग्याने गळा धरू नये म्हणून मेंढपाळ त्याला लोखंडी खिळ्यांचा पट्टा घालतात. नराची उंची साधारण 72 ते 78 सेंटिमीटर असते आणि नुसत्या अंगणात कोंडल्यास तो कुढतो.

मॅस्टिफची दाट, दुहेरी लव बहुधा वर्षातून एकदा पुंजक्यापुंजक्यांनी गळते, त्या काळात त्याला रोज विंचरावे लागते. कांगलच्या आखूड केसांना एरवी आठवड्यातून एकदा ब्रश पुरतो. कोकणातील दमट उकाड्यात मॅस्टिफ पाळणे मला क्रूरपणाचे वाटते. दोघांच्याही पिल्लांना वरून कॅल्शियम देऊ नये, कारण त्याने हाडे आणि सांधे सदोष वाढू शकतात. पोट फुगून त्याला पीळ पडण्याचा जीवघेणा धोका असल्याने अन्न दोन वेळांत विभागून द्यावे आणि जेवणानंतर लगेच पळवू नये. मोठे शेत आणि कळप असेल, तर मी कांगलच निवडेन.