सर्नचे एलएक्सप्लस : एकच दार, तीन वेगळी कोठारे

जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेत खाते उघडले की संशोधकाची गाठ सर्वप्रथम पडते ती एलएक्सप्लस या सेवेशी. अनेक लिनक्स यंत्रांचा हा समूह सर्व खातेदारांसाठी सामायिक आहे. एसएसएचने (दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे जाण्याच्या पद्धतीने) एकाच नावाशी जोडणी मागायची आणि समूहातल्या ज्या यंत्रावर भार कमी असेल, त्यावर आपली रवानगी होते. भारत जानेवारी 2017 पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत किंवा पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत बसून सर्नच्या सीएमएस या कणटक्कर प्रयोगाच्या विदेवर (डेटावर) काम करणारे विद्यार्थीही याच दाराने आत जातात, आणि हे परीक्षण मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

यंत्रांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. पूर्वी इथे सायंटिफिक लिनक्स होते, नंतर सेंटओएस 7 आले, आणि त्याचा आधार 30 जून 2024 रोजी संपला, त्या सुमारास अल्मालिनक्स 9 ने त्याची जागा घेतली. अमेरिकेतील फर्मीलॅबबरोबर हा निर्णय डिसेंबर 2022 मध्येच जाहीर झाला होता, त्यामुळे प्रयोगांना तयारीसाठी वेळ मिळाला. जुन्या प्रणालीवरच चालणारी आज्ञावली अजूनही कंटेनरमध्ये, म्हणजे जुन्या प्रणालीचे वातावरण सोबत बाळगणाऱ्या बंदिस्त पेटीत, चालवता येते. प्रत्येक वापरकर्त्याच्या वाट्याला येणाऱ्या स्मृतीवर आणि प्रक्रियाशक्तीवर मर्यादा आहे. ती मला योग्य वाटते, कारण एकाच्या विश्लेषणाने इतरांचे काम खोळंबत नाही आणि ही यंत्रे आज्ञावली लिहिण्यासाठी, संकलित (कंपाइल) करण्यासाठी आणि लहान चाचण्यांसाठी आहेत हे नवख्याला लवकर कळते.

या सेवेचा खरा कस लागतो तो साठवणुकीत. एलएक्सप्लसवर एएफएस, ईओएस आणि सीव्हीएमएफएस ही तीन कोठारे एकाच निर्देशिकावृक्षाच्या (फोल्डरांच्या रचनेच्या) तीन फांद्यांसारखी दिसतात. तिन्हींत तीच आज्ञा देऊन फायलींची यादी पाहता येते आणि फाइल उघडता येते. ही सोय मोठी आहे; मात्र तिच्यामुळेच तिन्ही कोठारे सारखी आहेत असा समज होतो, आणि तो समज घेऊन कामाला लागणाऱ्याला ही सेवा विनाकारण संथ आणि बेभरवशाची वाटते.

एएफएसचा जन्म 1980 च्या दशकात अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात झाला. आपली गृहनिर्देशिका इथे असते. ती मागणी करून 10 जीबीपर्यंत वाढवता येते आणि जोडीला 100 जीबीपर्यंतची कामाची जागा घेता येते. वाचलेली फाइल यंत्राच्या स्थानिक डिस्कवर राखून ठेवली जात असल्याने आज्ञावली, लेख आणि मांडणीच्या फायली यांसाठी हे कोठार अजूनही उत्तम आहे. परवानग्यांची रीत मात्र नेहमीच्या लिनक्सहून निराळी आहे. त्या फाइलवर नसून निर्देशिकेवर दिल्या जातात, म्हणून एखाद्या फाइलची परवानगी नेहमीच्या आज्ञेने बदलून सहकाऱ्याला ती वाचता येईल असे गृहीत धरू नये. दूरस्थ संपादकाचे घटक आणि पायथनची वैयक्तिक पॅकेजे गृहनिर्देशिकेत हजारो लहान फायली निर्माण करतात व जागा झपाट्याने संपवतात. त्यांची सोय पहिल्याच दिवशी कामाच्या जागेत करून ठेवावी.

ईओएस हे सर्नने स्वतः घडवलेले कोठार. लार्ज हॅड्रॉन कोलायडर या सर्नच्या महाकाय कणत्वरकाची विदा पेलण्यासाठी ते बांधले गेले, आणि 2023 मध्ये सर्नच्या डिस्कवरील साठवणक्षमतेने एक एक्साबाइटचा, म्हणजे दहा लाख टेराबाइटचा, टप्पा ओलांडला. त्यातला एक टेराबाइट प्रत्येक वापरकर्त्याच्या वाट्याला येतो. तीच जागा सर्नबॉक्स या सेवेमार्फत आपल्या लॅपटॉपशी जुळवून ठेवता येते, सहकाऱ्याला दुव्याने दाखवता येते आणि चुकून पुसलेली फाइल तिथूनच परत मिळवता येते. दिवसभर जिनिव्हात तयार झालेले आलेख संध्याकाळी पुण्यातल्या लॅपटॉपवर आपोआप हजर असणे, ही मला या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी : ईओएस मोठ्या फायलींसाठी आहे. दोन जीबीची एक रूट फाइल (रूट ही कणभौतिकीतील विदाविश्लेषणाची आज्ञावली) ते सहज देते, पण तेवढीच विदा हजारो लहान तुकड्यांत असली तर प्रत्येक तुकड्यामागे सर्व्हरशी स्वतंत्र बोलणी होतात आणि काम रेंगाळते. म्हणून निष्पत्ती आधी एकत्र जोडावी, आणि मोठी नक्कल करताना साध्या आज्ञेऐवजी एक्सरूटडी या फाइल-वाहतुकीच्या प्रणालीची नक्कल-आज्ञा वापरावी.

सीव्हीएमएफएसमधून फक्त वाचता येते. प्रयोगांची सारी आज्ञावली, संकलकांपासून रूटपर्यंत, तिथे आवृत्तीनुसार लावून ठेवलेली असते आणि लागेल तेवढीच यंत्रावर उतरते. हेच कोठार मुंबईतल्या संगणकावरही जोडता येत असल्याने दोन्हीकडे नेमकी तीच आवृत्ती मिळते. स्वतः काही बसवण्यापूर्वी इथे शोधावे.

मोठे काम एचटीकॉन्डॉरच्या, म्हणजे कामे इतर यंत्रांवर वाटून चालवणाऱ्या प्रणालीच्या, रांगेत धाडायचे. कालमर्यादेनुसार रांगांना नावे आहेत : 20 मिनिटांसाठी एस्प्रेसो, दोन तासांसाठी लाँगलंच, आठ तासांसाठी वर्कडे, तीन दिवसांसाठी टेस्टमॅच. कामाच्या नोंदींची निर्देशिका एएफएसवर आणि निष्पत्ती ईओएसवर, अशी विभागणी सुरुवातीपासून ठेवली तर पुढचे बहुतेक अडथळे टळतात. नवख्याने हा एक नियम पाळला, तरी त्याचे निम्मे काम सोपे होईल असे माझे मत आहे.

भारतातून वापरताना टंकलेले अक्षर पडद्यावर उमटायला किंचित वेळ लागतो. त्याची सवय होते. अधिक त्रास केर्बेरॉस परवान्याचा, म्हणजे आपली ओळख पटवणाऱ्या तात्पुरत्या डिजिटल परवान्याचा, होतो. त्याची मुदत 25 तासांची असते आणि नूतनीकरण केले तर तो पाच दिवस चालतो. टीमक्समध्ये (जोडणी तुटली तरी सत्र चालू ठेवणाऱ्या साधनात) काम चालू ठेवून आपण निघून गेलो आणि परवाना संपला, तर कार्यक्रम जिवंत राहतो पण एएफएसवर लिहू शकत नाही. अशा वेळी दिसणारा परवानगी नाकारल्याचा संदेश खरे कारण सांगत नाही, त्यामुळे विद्यार्थी भलत्याच ठिकाणी चूक शोधत बसतो. टीमक्सचे सत्र ज्या यंत्रावर सुरू केले त्याचे नावही टिपून ठेवावे, कारण सामान्य नावाने पुन्हा आलो तर दुसऱ्याच यंत्रावर पोहोचण्याची शक्यता असते. ठरावीक वेळी चालवायच्या कामांसाठी एक्रॉन ही केर्बेरॉस जाणणारी सोय आहे. ती वापरणे अधिक भरवशाचे.

सर्नची लिखित माहिती विपुल आणि अचूक आहे, पण ती सेवांनुसार वाटलेली आहे : एएफएसची एका ठिकाणी, ईओएसची दुसऱ्या, रांगेची तिसऱ्या. कोणती फाइल कुठे ठेवावी, हा विद्यार्थ्याचा प्रश्न मात्र या तिन्हींच्या सीमेवरचा असतो, आणि त्याचे उत्तर बहुधा गटातल्या ज्येष्ठ सहकाऱ्याकडून मिळते. ज्या गटात असा सहकारी नाही, तिथला विद्यार्थी मागे पडतो. पहिल्या जोडणीच्या वेळीच तिन्ही कोठारांचा उपयोग सांगणारे एक पान समोर आले, तर लहान संस्थांतून येणाऱ्यांना फार मदत होईल.

आपल्याकडच्या गटप्रमुखांना एक विनंती. विद्यार्थ्याचा सर्नशी असलेला संबंध संपला की त्याचे खाते बंद होते आणि वैयक्तिक जागेतील विदा गटाच्या हातून जाऊ शकते. म्हणून सामायिक निष्पत्तीसाठी ईओएसवर प्रकल्पाच्या नावाने स्वतंत्र जागा मागून घ्यावी, तिची मालकी सेवाखात्याकडे (व्यक्तीऐवजी कामासाठी असलेल्या खात्याकडे) ठेवावी आणि आज्ञावली गिटलॅब या आज्ञावली-संग्रहावर गटाच्या नावाखाली असावी. ही व्यवस्था विद्यार्थी रुजू होतानाच करावी, प्रबंध सादर झाल्यावर नव्हे.