फ्रान्सचा व्हिडिओ दाखवून विकलेला ‘दंवरोधक’ संच

थंडी जवळ आली की निफाड-दिंडोरीकडे एजंटांच्या फेऱ्या वाढतात, म्हणून आताच लिहितोय. डिसेंबर 2018 मध्ये कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा 1.8 अंशांवर आला होता. त्या थंडीची धास्ती द्राक्षवाल्यांच्या मनातून अजून गेलेली नाही, आणि हा धंदा त्या धास्तीवरच चालतो.

माझ्याकडे आलेल्या माणसाने मोबाईलवर फ्रान्समधल्या शाब्ली भागातली बाग दाखवली. रात्रभर तुषार चालू, सकाळी प्रत्येक कोंबावर बर्फाचं कवच, आत कोंब हिरवागार. ‘भाऊ, हाच संच तुमच्या थॉमसन द्राक्षांना बसवतो, 80 टक्के अनुदान मी करून देतो,’ म्हणाला. एकरी 65 हजार घेतले, तेही स्वतःच्या खात्यावर. हातात नुसतं कोटेशन, त्यावर जीएसटी नंबर नाही. पक्कं बिल ‘संच बसल्यावर’ मिळणार होतं, ते आजतागायत आलेलं नाही.

व्हिडिओ खराच आहे, आणि फसवणूक तिथेच आहे. शाब्लीत एप्रिलमध्ये कोवळे कोंब असतात आणि पारा शून्याखाली जातो. पाणी गोठताना दर ग्रॅमला 80 कॅलरी उष्णता सोडतं, तिच्यावर कोंब तगतो. पण तेच पाणी वाफ होऊन उडालं तर दर ग्रॅमला सुमारे 600 कॅलरी ओढून घेतं. म्हणून पाणी भरपूर आणि अखंड लागतं, तासाला किमान अडीच-तीन मिलिमीटर, सकाळी बर्फ वितळेपर्यंत. एकराला तासाला दहा-बारा हजार लिटर झाले. शाब्लीजवळ बेन गावी त्यासाठी खास तलाव बांधलाय.

मला बसवून दिलेली नोझल फॉगरची, म्हणजे धुक्यासारखा बारीक फवारा मारणारी निघाली, पॉलिहाऊसमध्ये असतात तसली. एकरी 60, प्रत्येकी तासाला 30 लिटर, म्हणजे 1,800 लिटर. अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. पहाटे साडेचारला संच चालू केला तेव्हा बांधावरची तापमापी 4 अंश दाखवत होती आणि फवाऱ्यातली 3 अंश. बाग ऊबदार होण्याऐवजी गारठत होती! त्यात रात्रपाळीची वीज मध्येच गेली आणि ओले घड तसेच वाऱ्यावर राहिले.

आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत वेलीवर घड असतात, हे तो माणूस बोललाच नाही. मण्यांत पाणी उतरायला लागलं, म्हणजे मणी मऊ होऊन पिकायला लागले, की घडावर पाणी टिकलेलं चालत नाही. त्या आठवड्यात मण्यांना देठाजवळ बारीक तडे गेले, तड्यांतून कूज घुसली, आणि एक्स्पोर्टवाल्याने तो प्लॉट पाहूनच सोडला. शेजारच्या काकांनी नेहमीप्रमाणे पहाटे ठिबकने पाणी दिलं, बांधावर शेकोट्या पेटवल्या. त्यांचा माल निघाला.

अनुदानाचं म्हणाल तर, ठिबक-तुषारसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करावा लागतो, पूर्वसंमती मिळाल्यावर खरेदी, आणि पैसे शेतकऱ्याच्या खात्यावर येतात. पूर्वसंमतीच्या आधीच पैसे भरा, अनुदान नंतर बघू, असं जो सांगतो तो खोटं बोलतो. त्याला दोनच गोष्टी विचारा: एकरी तासाला किती लिटर पाणी पडणार, आणि मण्यांत पाणी उतरल्यावर हे चालवायचं का? पहिल्याचा आकडा कोटेशनवर लिहून मागा. माझ्याकडच्या कोटेशनवर नोझलची संख्या आहे, प्रवाह कुठेच नाही.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केलाय. त्या माणसाचा फोन बंद आहे. असाच संच ज्यांच्याकडे बसलाय त्यांनी कोटेशन, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आणि नोझल काढून न टाकता जपून ठेवावं. आणि घडांत पाणी उतरायच्या आत तो संच बंद करावा, पैसे गेले असले तरी.