सोशल मीडिया नियमावली करून देणारी सेवा: आमच्या कॉलेजचा अनुभव

आमच्या कॉलेजची सोशल मीडिया खाती मी सांभाळते. सांस्कृतिक मंडळाच्या इन्स्टाग्रामचा पासवर्ड असलेला विद्यार्थी पास होऊन गेला आणि ते खातं कायमचं हातचं गेलं, तेव्हा आम्ही ही सेवा घेतली.

पहिल्याच बैठकीत त्यांनी कोरा तक्ता पुढे ठेवला: कॉलेजच्या नावाचं प्रत्येक खातं, त्याचा ईमेल कुणाचा, पासवर्ड कुणाकडे. आम्ही नऊ धरून चाललो होतो, निघाली तेवीस! आता प्रत्येक खात्याला विभागाचा ईमेल, दोन जबाबदार माणसं आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन आहे.

मला सगळ्यात पटला तो कमेंटचा नियम. टीका काढायची नाही. धमकी, शिवीगाळ किंवा कुणाची खाजगी माहिती असेल तरच काढायची, तीही स्क्रीनशॉट जपून. फीबद्दल चिडून लिहिणाऱ्या मुलालाही उत्तर मिळायलाच हवं. पोस्टरवरच्या नेहमीच्या आकाराच्या अक्षरांना किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक) हवा, हेही तिथेच कळलं.

प्राध्यापकांच्या वैयक्तिक खात्यांचा भाग मात्र कच्चा होता. 'भान ठेवावे' एवढ्यावर बोळवण. व्यक्तिगत मत आणि कॉलेजची भूमिका यांतली रेषा आम्हीच दोन बैठका घेऊन लिहून काढली. पाचपैकी चार तारे.